लाडू वळतं कोण, खातं कोण?



संध्याकाळी आपण भाकरी थापत असतो आणि बाहेरच्या खोलीतून कार्टूनचा आवाज येतो. पोरं गुंतली म्हणून आपण निवांत. पण त्या चित्रांतून ती काय शिकतात? आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो.

१९३७ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट आला. सावत्र आईच्या भीतीनं पळालेली राजकन्या सात बुटक्यांच्या घरात शिरते आणि आधी काय करते? झाडलोट! रांधीन, धुईन, मला राहू द्या, म्हणते. बुटके खाणीत कामाला, ती घरात. चित्रं बनवणाऱ्यांतही तीच वाटणी होती. पुरुष चित्रं रचायचे, बायका रेषा गिरवून रंग भरायच्या. नोकरी मागणाऱ्या एका मुलीला १९३८ साली स्टुडिओनं चक्क लिहून कळवलं, की चित्रं रचायचं काम तरुण पुरुषच करतात.

मग १९९०च्या दशकात मीना आली. युनिसेफनं दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ही मालिका काढली. मीनाचं रूप घडवलं मुंबईच्या राम मोहन यांनी. भाऊ राजू शाळेत जातो, मीना घरी राहते. तिचा पोपट मिठू शाळेतून आकडे शिकून येतो, तिला शिकवतो. त्याच हिशोबावर ती कोंबड्या मोजते आणि चोरी उघडी पडते. दुसऱ्या एका गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो. मग दोघं एक दिवस कामं बदलतात. बहिणीचं काम करताना राजूचा घाम निघतो, तेव्हा त्याला कळतं.

२००८ पासून आपल्या पोरांचा लाडका आहे छोटा भीम. लाडू खाऊन ताकद येते भीमला. लाडवांचं दुकान मात्र चुटकीच्या आईचं, आणि तिथं हात लावते चुटकी. ती धीट आहे, पण गावाला वाचवणारा बहुतेक वेळा भीमच.

दोष नुसता टीव्हीला कसा द्यावा? गटात बोलताना आमच्याच लक्षात आलं, दुधावरची साय आमचा हात आपसूक मुलाच्या वाटीत घालतो. मुलगी बघत असते. बोलत नाही.

टीव्ही बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. एक दिवस पोरांजवळ बसा आणि विचारा, “यात काम कोण करतंय? वाढतंय कोण? आधी जेवतंय कोण?” मग ताटं घ्यायला मुलालाही उठवा. आणि साय दोन वाट्यांत सारखी वाटा.