तळटीप : क्वीनची ध्वनिमुद्रणे

१. लेखकाने विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात ऐकलेली 'ग्रेटेस्ट हिट्स' ही कॅसेट म्हणजे 'क्वीन' या इंग्लिश बँडचा स्वतंत्र अल्बम नव्हे. १९८१ साली निघालेले ते निवडक गाण्यांचे संकलन. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच, त्यामुळे अनेकांची क्वीनशी ओळख इथे होते आणि दुर्दैवाने इथेच थांबते. स्टुडिओ अल्बम एकूण १५ : 'क्वीन' (१९७३) ते 'मेड इन हेवन' (१९९५). शेवटचा अल्बम गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये वारल्यावर उरलेल्या तिघांनी त्याच्या मुद्रित आवाजाभोवती पुरा केला. हा फ्रेडी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी फारोख बलसारा. शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स.

'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९७५) मात्र सवडीने ऐकावा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला भलामोठा समूहस्वर मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचाच आहे : २४ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवून तो उभा केला. सिंथेसायझर वापरला नसल्याचे हा बँड सुरुवातीच्या वेष्टनांवर अभिमानाने छापत असे. 'द गेम' (१९८०) मध्ये तो आलाच. डिस्कोकडे झुकलेला 'हॉट स्पेस' (१९८२) फसला, हे लेखकाचे मत आम्हालाही मान्य आहे. नव्या श्रोत्याने संकलन बाजूला ठेवून 'शीअर हार्ट अटॅक' (१९७४) पासून सुरुवात करावी. – संपा.