जुनी मेटॅडोर घ्यावी की नाही

जुनी मेटॅडोर बघायला जाणारा जाणता गिऱ्हाईक भल्या सकाळी जायचा, तेही आधी न कळवता. विकणाऱ्याला कुणी येणार असल्याची कुणकुण लागली, की तो गाडी तासभर फिरवून आणायचा. तापलेले डिझेल इंजिन निम्मे आजार पोटात ठेवते. रात्रभर थंड पडलेले इंजिन मात्र खोटे बोलत नाही. म्हणून गिऱ्हाईक दारात पाऊल ठेवताच आधी बॉनेटला हात लावून बघायचा, आणि त्याच्यासोबत हमखास एक माणूस असायचा: मिस्त्री. पैसे गिऱ्हाइकाचे असले तरी निकाल मिस्त्रीचा असायचा.

या गाडीचे कूळ जर्मनीचे. हँबर्गच्या विडाल कुटुंबाची कंपनी आपल्या छोट्या मालगाड्या ‘टेम्पो’ या नावाने विकायची. 1958 साली नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो उभी राहिली आणि गोरेगावात तीनचाकी टेम्पो तयार होऊ लागला. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. कंपनीचे नाव मराठीत इतके मुरले, की आज कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण बिनदिक्कत टेम्पो म्हणतो. 1969 मध्ये आकुर्डीतून चारचाकी मेटॅडोर बाहेर पडली. नावही हँबर्गचेच. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळायची, मागे जाणारा शाफ्ट नव्हता, त्यामुळे गाडीची फळी जमिनीला जवळ. दुधाचे कॅन किंवा भाजीचे क्रेट चढवणाऱ्या हमालाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी पटली.

1969 हेच वर्ष चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे. पुढे छोटे वाहतूकदार बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रात धरले गेले. ज्याच्या घरात पूर्वी बैलगाडीपलीकडे काही नव्हते, तो हप्त्यावर गाडी घेऊ लागला. शाळेची मुले, पेशंट, बँडवाले, लग्नाचे वऱ्हाड, गणपती, सगळे मेटॅडोरमधून गेले. नवी गाडी परवडत नसे त्याच्यासाठी जुनीचा बाजार होताच. आणि जुनी म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: इंजिनाचे काम निघालेय का?

ऐंशीच्या दशकात कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने त्यांचे ओएम 616 हे डिझेल इंजिन इथे बनवायला घेतले, आणि हा प्रश्न फार बदलला. चार सिलिंडर, 2.4 लिटर, पट्ट्याऐवजी साखळीवर चालणारे टायमिंग, यांत्रिक पंप, इलेक्ट्रॉनिक्सचा मागमूस नाही. मर्सिडीजच्या 240 डी मोटारीत हेच इंजिन होते. ते खोलता यायचे, पुन्हा बांधता यायचे, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी ते बांधू शकणारा माणूस सापडायचा. या गाडीच्या दीर्घायुष्याचे खरे कारण हे आहे.

मिस्त्रीची तपासणी बघण्यासारखी असायची. आधी हीटर प्लग. अशा इंजिनात डिझेल पेटते ते बाजूच्या छोट्या कोठडीत, आणि थंडीत ती कोठडी तापल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. चारपैकी एखादा हीटर मेला असेल तर गाडी थरथरत, पांढरा धूर सोडत जागी होते. हा किरकोळ खर्च. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही, तर मात्र पाणी आत जातेय का ते बघायचे. ऑईलची कांडी काढायची. ऑईल दुधाळ दिसले तर हेड गॅस्केट गेलेय किंवा हेडला चीर आहे. काळा धूर नोझल आणि पंपाकडे बोट दाखवतो. निळा धूर सगळ्यांत वाईट, कारण तो ऑईल जळतेय असे सांगतो.

मग इंजिन चालू ठेवून ऑईल भरायच्या तोंडाचे झाकण काढायचे आणि त्यावर तळहात धरायचा. रिंगा आणि लायनर झिजलेले असतील तर जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आणि त्या तोंडातून भकभक बाहेर येतो. ‘इंजिन बॅक मारतंय,’ मिस्त्री एवढेच म्हणायचा. त्यानंतर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही, तर तोच आजारी. कुठलेही यंत्र न जोडता केलेली ही तपासणी कितीतरी कुटुंबांचे कर्ज वाचवून गेली आहे आणि तिची नोंद मात्र कुठे झालेली नाही, याची खंत वाटते.

हेड, व्हॉल्व्ह, रिंगा, बेरिंग एवढ्यावर भागले तर हाफ इंजिन. क्रँक ग्राइंड करून लायनर-पिस्टन नवे घालायचे तर फुल. गिऱ्हाईक मग गाडीच्या किमतीत हा खर्च मिळवायचा आणि त्या बेरजेवर घासाघीस करायचा. जाणते लोक तर ‘ओरिजिनल, न खोललेलं इंजिन’ या शब्दांनाच बिचकायचे, कारण खोललेल्या इंजिनाचे काम कुणी, कधी केले हे तरी विचारता येते. थेसालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याने आपल्या 1976 च्या 240 डीवर 46 लाख किलोमीटर केले आणि 2004 मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली. त्यालाही वाटेत इंजिने पुन्हा पुन्हा बदलावी लागली होती. मेटॅडोरवाल्यांना हे शहाणपण कुणी शिकवायची गरज नव्हती.

खरा नकार इंजिनावरून यायचा नाही. मिस्त्री गाडीखाली सरकून पान्ह्याने पत्रा ठोकायचा. कोकणातली, खारे वारे खाल्लेली गाडी वरून रंगवलेली आणि खालून सडलेली निघायची. इंजिन बांधता येते, चासिसला लागलेला गंज तसा बांधता येत नाही. दुसरी अडचण कागदाची. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवले असेल आणि आर. सी. बुकवर जुनाच नंबर असेल, तर पासिंगला गाडी अडायची. बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर आणखी निराळा घोळ. या दोन कारणांनी सोडून दिलेली गाडी पुन्हा बघायला जायचे नाही, हा चांगल्या मिस्त्रीचा शब्द असायचा.

1986 मध्ये टाटांची 407 आली, 1987 मध्ये बजाज टेम्पोची स्वतःची ट्रॅव्हलर, 2005 मध्ये टाटा एस. मेटॅडोरचे उत्पादन 2000 साली थांबले आणि कंपनीचे नावही 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांना पर्यावरण कर लागला. पुढे केंद्राचे भंगार धोरण आले आणि जुन्या गाड्यांच्या योग्यतेची तपासणी यंत्रांकडे जाऊ लागली. जुन्या गाडीचा हिशेब आता इंजिनाच्या खर्चाइतकाच या खर्चांवर ठरतो.

आजची जुनी डिझेल व्हॅन बघायला गेलेला मिस्त्री आधी स्कॅनर जोडतो. पडद्यावर चुकांचे आकडे येतात, ते तो वहीत उतरवतो. मग इंजिन चालूच ठेवून ऑईलचे झाकण काढतो आणि त्या तोंडावर तळहात धरतो.