ॲलम्नस म्हणजे पोसलेला

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवर एकट्या वक्त्याच्या नावापुढे ‘ॲलम्नाय’ हे बहुवचन बेदिक्कत छापणाऱ्यांस सांगावेसे वाटते, की पुरुष एकच असेल तर ॲलम्नस, एकच स्त्री असेल तर ॲलम्ना, आणि पुरुष अनेक असतील अथवा समुदाय मिश्र असेल तरच ॲलम्नाय. व्याकरण येथेच सोडू. अर्थ अधिक रसाळ आहे. ‘पोसणे’ अशा अर्थाच्या ‘आलेरे’ ह्या लॅटिन क्रियापदापासून सिद्ध झालेला हा शब्द रोमन लोक परक्या घरी वाढलेल्या पोष्य लेकरास लावीत (‘आल्मा मातर’ ही पोषणकर्ती माता त्याच कुळातली). आणि म्हणूनच, अकोले तालुक्यात राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत ज्या शासकीय आश्रमशाळा चालतात, जेथे महादेव कोळी व ठाकर मुलांच्या अध्ययनाबरोबर त्यांच्या निवास-भोजनाची तजवीजही सरकारच करते, तेथून बाहेर पडलेल्यांस तो जितका यथार्थ शोभतो, तितका घरचा डबा खाऊन पदवीधर झालेल्या आम्हां शहरवासीयांस, माझ्या मते, शोभत नाही. आपला ‘माजी’ मात्र गतकाळवाचक अरबी शब्दावरून फारसीमार्गे दफ्तरी भाषेत आलेला. मामलेदार जसा माजी होतो, तसाच ह्या शब्दाच्या लेखी विद्यार्थीही.