सातबाऱ्यावरील अर्धा र : मराठी संगणकलिपीच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकासाठी आज्ञावली लिहिणे म्हणजे यंत्राला काटेकोर सूचना देण्याचे गणिती काम, अशी समजूत रूढ आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. एकाच प्रश्नाची अनेक बिनचूक उत्तरे संभवत असताना त्यांतून कोणते स्वीकारावे, हा निर्णय केवळ गणिताने होत नाही. तो करणाऱ्याच्या जाणकारीवर अवलंबून असतो. या अर्थाने आज्ञावलीलेखन ही कारागिरी होय. डोनाल्ड नूथ यांनी १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथमालेच्या नावातच या कामाला कला म्हटले, आणि १९७४ च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात त्या मताचे समर्थन केले. मराठीच्या संदर्भात हे मत पारखून पाहण्यास एका अक्षराचा इतिहास पुरेसा आहे. ते अक्षर भंडारा जिल्ह्यातील लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी, जमिनीच्या उताऱ्याच्या निमित्ताने, रोजच्या व्यवहारात येते.

लाखनी हा धानाच्या शेतीचा प्रदेश. मध्यप्रांताच्या काळात येथील जमिनीचा व्यवहार मालगुजारी पद्धतीने चाले आणि पटवाऱ्याच्या दप्तरात खसरा व जमाबंदी यांना महत्त्व असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने राज्यातील महसुली व्यवस्था एका सूत्रात आणली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा तो सातबारा. पुढे हे अभिलेख संगणकावर चढविण्यात आले व १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. जो मजकूर शतकभर हाताने लिहिला गेला, तो आता यंत्राच्या लिपीत राहू लागला.

येथेच अडचणीचे मूळ आहे. ‘सातबारा’ या शब्दाला प्रत्यय लागताच तो ‘सातबाऱ्यावर’ होतो. ‘शेतकरी’चे ‘शेतकऱ्याचा’ आणि ‘पटवारी’चे ‘पटवाऱ्याला’ होते. वऱ्हाडे, कुऱ्हाडे ही आडनावेही याच वळणाची. या सर्व शब्दांत र हा पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसत नाही, तर त्याच्या डावीकडे लहान आडव्या फराट्याच्या रूपाने येतो. हा भेद केवळ शोभेचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ दिलेले निमंत्रण आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण यांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. हिंदीच्या लेखनव्यवहारात या रूपाची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरीचा विचार केवळ हिंदीच्या अंगाने झाला असता, तर हे अक्षर गळण्याचा संभव होता.

छापखान्याच्या युगात हा प्रश्न सोपा होता. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. अशा छापखान्यांत जोडाक्षरांसाठी शेकडो निरनिराळे खिळे पाडून ठेवीत, आणि जुळारी हवा तो खिळा उचलीत असे. संगणकाच्या आरंभीच्या पर्वात तर प्रश्नच उपस्थित झाला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले आणि १९६० साली कार्यान्वित झालेले यंत्र वैज्ञानिक गणितासाठी होते. लिपीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९८० नंतर, कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि त्यानंतर १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात.

तेथील कामाचे मर्म एका निर्णयात आहे. अक्षराची आकृती न साठविता त्याचे वर्णघटक साठवावेत, आणि आकृती घडविण्याचे काम आज्ञावलीवर सोपवावे, असे ठरले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था समान असल्याने एकाच संकेतमालेत त्या सर्व बसविता आल्या. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ही संकेतमाला आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केली. हा विचार नवा नव्हता. वर्णमालेची स्थान-प्रयत्नांनुसार रचना करणाऱ्या प्राचीन शिक्षाकारांचीच ती दृष्टी होती.

परंतु वर्णघटकांच्या या हिशेबात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोहोंचे घटक सारखेच ठरतात. मग भेद कसा राखावयाचा? कारागिरीची कसोटी येथे लागली. संकेतमालेत दाक्षिणात्य भाषांतील कठोर र साठी ऱ हे स्वतंत्र स्थान होते. त्याला हलन्त जोडला असता मराठीतील आडवा र उमटावा, असे ठरविण्यात आले. मराठीतील हा उच्चार दाक्षिणात्य कठोर र नव्हे. म्हणजे भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही तडजोड होती. पण तिने नवे स्थान न मागता भेद टिकविला. युनिकोडने हा नियम पुढे स्वीकारला. मात्र १९९६ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, असा दुसरा मार्गही कायम ठेवला.

यांतून उद्भवणारा पेच ध्यानात घेण्याजोगा आहे. कागदावर सारखाच दिसणारा ‘वऱ्हाडे’ हा शब्द यंत्राच्या पोटात दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. ते दोन्ही एकच मानावेत अशी तरतूद आज्ञावलीत नसेल, तर नावावरून शोध घेणाऱ्याला स्वतःचीच नोंद सापडणार नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी ज्या मजकुरात केवळ टंकांच्या आकृती साठविल्या गेल्या, तो तर विशिष्ट टंकाशिवाय वाचताच येत नाही. उताऱ्यावरील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. परंतु डोळ्यांना न दिसणारा भेद अर्जात मांडावयाचा कसा?

आकृतीच्या बाजूचे कामही तितकेच नाजूक होते. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर सर्वदूर पोहोचला. अशा टंकात अक्षरांच्या आकृत्यांबरोबरच कोणत्या घटकांपासून कोणती आकृती व्हावी याचे नियमही अंतर्भूत असतात. बोरू आणि आज्ञावली तेथे एकाच कामात येतात. त्यानंतरही मराठीची गरज पुरी झाली नव्हती. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली.

लेखनाचे नियम पूर्वी व्याकरणकार आणि साहित्यसंस्था ठरवीत, व त्यांवर जाहीर वाद होत. संगणकयुगात त्या नियमांचा मोठा भाग आज्ञावलीकाराच्या मेजावर ठरू लागला, आणि तो बहुधा निनावी व निर्विवाद राहिला. जुन्या खिळाकाराची चूक पानावर दिसे. आज्ञावलीकाराची चूक शोध निष्फळ होईपर्यंत दिसत नाही. म्हणून आधुनिक मराठीच्या इतिहासाची साधने केवळ ग्रंथ व नियतकालिके एवढीच मानून भागणार नाही. संकेतमाला, टंक आणि त्यांमागील निर्णय यांचाही त्यांत समावेश झाला पाहिजे. लाखनीच्या शेतकऱ्याचे नाव त्याच्या सातबाऱ्यावर नीट उमटते आणि नीट सापडते की नाही, हे त्या निर्णयांवर अवलंबून आहे.