विभाजक न सापडताही संयुक्त

एखादी संख्या मूळ नाही हे कसे दाखवायचे? तिचा एखादा विभाजक काढून, असे आपण वर्गात शिकवतो. ९१ मूळ नाही, कारण ७ गुणिले १३. पण एकही विभाजक हाती नसताना संख्या संयुक्त आहे असे ठामपणे सांगता येते, हे ऐकून विद्यार्थीच काय, शिक्षकही चमकतात. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या २१ अंकी संख्येबाबत नेमके हेच घडले. ही संख्या म्हणजे २ च्या ६७ व्या घातातून १ वजा.

फ्रेंच संन्यासी मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा प्रकारच्या मूळ संख्यांची यादी दिली, घातांक २५७ पर्यंत. सिद्धता दिली नाही. यादीत ६७ होता. (६१, ८९, १०७ निसटले आणि ६७ व २५७ चुकून आले, हे कळायला पुढे तीनशे वर्षे लागली.)

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ६७ ची संख्या मूळ नसल्याचे सांगितले. त्यांच्या कसोटीचे डी. एच. लेहमर यांनी सुटसुटीत केलेले रूप असे: ४ पासून सुरुवात करावी, वर्ग करावा, २ वजा करावेत, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवावी, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. ३१ साठी (घातांक ५) तीन पायऱ्या: ४, १४, ८, ०. घातांक ११ असलेल्या २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर बाकी उरते १७३६. म्हणजे २०४७ संयुक्त. पण २३ आणि ८९ यांचा या आकडेमोडीत कुठे मागमूसही नाही! विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे.

६७ चे विभाजक मात्र सापडेनात. विभाजक असलाच तर तो १३४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असणार, एवढे माहीत होते. तरी क्रमाने भागत गेल्यास १४ लाखांवर भागाकार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने नको ते विभाजक गाळले आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत उत्तर मांडले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७.

ई. टी. बेल सांगतात की कोल यांनी अवाक्षरही न काढता फळ्यावर २ चा घात काढला, १ वजा केला, शेजारी हा गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्या पडल्या. या कामासाठी तीन वर्षांचे रविवार गेले, असे कोल यांनीच पुढे बेल यांना सांगितले म्हणे. बेल गोष्टी रंगवून सांगत, त्यामुळे टाळ्यांची खात्री आम्ही देत नाही. गुणाकार मात्र कोणीही ताडून पाहावा.

घातांक १२७७ ची संख्या ३८५ अंकी आहे. ती संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. २०२४ अखेरपर्यंत तिचा एकही विभाजक सापडलेला नव्हता.