लाकडी जहाजाची प्रतिकृती : हत्यारे मोजकी, पण नेमकी

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करण्यात आली आहे. अशा जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती घडविण्याचा छंद जगभर जोपासला जातो. या छंदात पाऊल ठेवणाऱ्याला पहिला मोह होतो तो हत्यारांनी भरलेली तयार पेटी घेण्याचा. तो टाळावा. कामाचा टप्पा येईल तसे एकेक चांगले हत्यार घेणे अधिक श्रेयस्कर.

मापन आणि कापणी

१:९६ या प्रमाणात मूळ जहाजाचे ८ फूट प्रतिकृतीत १ इंचात मावतात. म्हणजेच अर्ध्या मिलिमीटरची चूक मूळ जहाजावर सुमारे ५ सेंटिमीटरची ठरते. त्यामुळे पोलादी पट्टी, लहान गुण्या आणि टोकदार पेन्सिल यांना अग्रक्रम द्यावा. कापण्यासाठी पाती बदलता येणारी सुरी, बारीक दात्यांची छोटी करवत आणि खाली अंथरण्यास कटिंग मॅट हवी. पात्यांबाबत काटकसर नको. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, ते निसटते आणि लाकडाबरोबर बोटही कापते.

सांगाडा आणि फळ्या

जहाजाचा कणा आणि त्यावरील आडवे साचे काटकोनात बसले नाहीत, तर पुढे संपूर्ण जहाज पिळवटलेले दिसते. हा दोष नंतर दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून गोंद वाळेपर्यंत भाग घट्ट धरून ठेवणारे क्लॅम्प भरपूर असावेत. सर्वच विकत घ्यावे लागत नाहीत. कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे आणि रबर बँड यांवरही बरेच काम भागते.

साच्यांच्या कडांना योग्य उतार देण्यासाठी सपाट ठोकळ्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर वापरावा. १२०, २२० आणि ४०० या क्रमांकांचे कागद पुरेसे ठरतात. अडचणीच्या जागी बारीक कानस उपयोगी पडते. बाजूंच्या पातळ पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून उष्णतेने वाकवाव्या लागतात. त्यासाठी सुरुवातीला वेगळे यंत्र न घेता साध्या सोल्डरिंग आयर्नचा दांडा सावधपणे वापरता येतो. जोडणीसाठी लाकडाचा पांढरा गोंद उत्तम. तो सावकाश वाळत असल्याने चूक सुधारण्यास अवधी मिळतो.

डोलकाठ्या आणि दोर

अखेरच्या टप्प्यात बोटांऐवजी चिमटे काम करतात. एक सरळ आणि एक वाकड्या टोकाचा, असे दोन चिमटे घ्यावेत. बारीक छिद्रांसाठी हाताने फिरवण्याचा पिन व्हाइस आणि ०.५ ते १ मिलिमीटरची ड्रिल पाती लागतात. दोऱ्यावर मधमाश्यांचे मेण फिरवल्यास त्याचे तंतू बसतात.

विजेवर चालणारी हत्यारे पहिले जहाज पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकावीत. क्षणार्धात जादा लाकूड घासले गेल्यास ते परत मिळत नाही. हाताने काम करताना मात्र लाकडाचा विरोध बोटांना जाणवतो आणि हात वेळीच थांबतो.