होम की प्रोफेशनल? एका कुलपाची गोष्ट

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरला की ओळखीतल्या आयटीवाल्याला हमखास फोन येतो. "होम घेऊ की प्रो? प्रो फास्ट असेल ना?" नाही हो, स्पीडचा काही संबंध नाही. पण हा प्रश्न आला कुठून, ते बघण्यासारखं आहे.

नव्वदच्या दशकात प्रश्नच नव्हता, कारण घराणीच दोन होती. घरात विंडोज ९५, ९८ वगैरे, पाया जुन्या डॉसचा. ९८ च्या लॉगिनवर एस्केप दाबलं की माणूस थेट आत! ऑफिसात एनटी. डीईसी सोडून १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्ह कटलरच्या टीमने ते नव्याने लिहिलं, १९९३ साली बाजारात आलं. तिथे प्रत्येक फाइलला मालक आणि प्रत्येक युजरला ठरावीक परवानग्या.

२५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आलं आणि एनटीचा भक्कम पाया घरातही पोचला. आता पंचाईत अशी, की पाया एकच, मग कंपन्यांकडून जास्त पैसे घ्यायचे कसे? अमेरिकेत होमची पूर्ण आवृत्ती १९९ डॉलरला, प्रोफेशनल २९९ ला. वरच्या १०० डॉलरमध्ये डोमेनला जोडणं, ग्रुप पॉलिसी, दुसऱ्या मशीनवरून रिमोट डेस्कटॉपने आत येणं, फाइल एन्क्रिप्शन आणि दुसरा प्रोसेसर.

ठीक आहे, घरी डोमेन कशाला हवंय? पण खटकते ती गोष्ट वेगळीच. फाइलच्या परवानग्या होममध्येही होत्या, फक्त त्या बदलायचा सिक्युरिटी टॅब लपवलेला होता. सेफ मोडमध्ये गेलात की दिसायचा! वर सेटअपमध्ये बनवलेला प्रत्येक युजर बाय डिफॉल्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. म्हणजे भिंत बांधलेली, पण दार सताड उघडं आणि कुलूप माळ्यावर. एन्क्रिप्शनचे पैसे घ्या हो, पण आहे ते कुलूप कशाला लपवायचं?

ही युक्ती नवी नव्हती. १९९६ साली मार्क रसिनोविच यांनी दाखवून दिलं होतं की एनटी ४ च्या वर्कस्टेशन आणि सर्व्हरचा कर्नल एकच आहे. रजिस्ट्रीतल्या नोंदी वाचून तो ठरवतो की आपण कोण! आजही होमचं प्रो करायला विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही. नवी की टाका, रीस्टार्ट करा, झालं. सगळं आधीच डिस्कवर असतं.

मग घ्यायचं काय? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घर आणि ऑफिस एकाच टेबलावर आलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता प्रो हवंच. तर नाही. घरून ऑफिसच्या मशीनवर जायला होम पुरतं. बाहेरून घरच्या मशीनमध्ये शिरायचं असेल, किंवा बिटलॉकरचा पूर्ण ताबा हवा असेल, तर प्रो. नाहीतर वाचलेल्या पैशांत एक एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि बॅकअप ठेवा. आणि हो, रोजच्या वापराला साधा, अ‍ॅडमिन नसलेला युजर बनवा. हे कुलूप होममध्येही आहे आणि फुकट आहे. लावायचं मात्र आपल्यालाच!